लीजच्या गाडीच्या अर्जात ‘मृत्यू’चा रकाना हवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या नागपूरच्या दत्तवाडीतल्या शेजाऱ्यांचा मुलगा पेढे घेऊन घरी आला. मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत लागून त्याला तीन वर्षे झाली. फाटकाबाहेर नवी कोरी गाडी उभी होती, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक आणि झेंडूची माळ. “काका, लीजवर घेतली. टॅक्स वाचते न,” तो म्हणाला. मी पेढा घेतला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, “आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, कोणाच्या नावाने आहे?” त्याला सांगता आले नाही. त्याच्या बायकोची तर लीज म्हणजे गाडीचे कर्जच अशी समजूत होती. तो गेल्यावर मी कपाटातली फाइल काढली आणि हे पत्र लिहायला बसलो.

माझा मुलगा 11 फेब्रुवारी 2024 रोजी गेला. वय 41. रविवार होता. सकाळी छातीत कळ आली, बेसा भागातल्या त्याच्या घरून वर्धा रोडवरच्या दवाखान्यात नेले आणि दुपारपर्यंत सगळे संपले. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येणार नाही. मागे सून, नऊ वर्षांची नात, आम्ही दोघे म्हातारे, आणि बेसाच्या फ्लॅटखाली पार्किंगमध्ये एक पांढरी गाडी राहिली.

मी आयुध निर्माणी, अंबाझरी येथे भांडारात 34 वर्षे नोकरी करून 2012 मध्ये निवृत्त झालो. आयुष्यात एक स्कूटर घेतली, तीही रोखीने. त्यामुळे 2022 च्या दसऱ्याला मुलगा गाडी घेऊन दारात आला तेव्हा मी आधी किंमत विचारली. “बाबा, विकत नाही घेतली, भाड्याने घेतली,” असे म्हणून त्याने चहा पिता पिता कागदावर आकडे मांडले. गाडी विकत घेते लीज कंपनी. त्याची नोकरीची कंपनी ती भाड्याने घेते आणि त्याला वापरायला देते. महिन्याचे 33,800 रुपये भाडे त्याच्या पगारातून जाणार, पण कर लागण्याच्या आधी. 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाची गाडी कचेरीच्या आणि घरच्या अशा दोन्ही कामांना वापरली, तर तेव्हाच्या आयकर नियमांप्रमाणे महिन्याला फक्त 1,800 रुपयांचा लाभ पगारात धरून तेवढ्यावरच कर लागत असे. विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळे त्या भाड्यातच. 48 महिने झाले की ठरलेली रक्कम भरून गाडी आपल्या नावावर करायची, नाहीतर परत द्यायची. हिशोब खरोखर फायद्याचा होता. मी कागद दोनदा वाचला आणि ठीक आहे म्हणालो. मधेच माणूस गेला तर काय, याची ओळ त्या कागदावर नव्हती. मलाही ती विचारायचे सुचले नाही. भांडारात जन्म काढलेल्या माणसाला सुचायला हवे होते, ही रुखरुख मला अजून आहे.

तेरवीच्या तीन दिवस आधी, 20 फेब्रुवारीला, सुनेने त्याचा फोन चार्जिंगला लावून सुरू केला. कोणाकोणाला कळवायचे राहिले आहे ते त्यातून बघायचे होते. त्यात लीज कंपनीचा मेल आलेला होता. मजकूर असा: प्रिय ग्राहक, आपण सध्याची नोकरी सोडल्याचे आम्हाला कळवण्यात आले आहे, तरी पंधरा दिवसांच्या आत खालीलपैकी एक पर्याय निवडावा. सून फोन तसाच हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आली. “बाबा, हे यांनाच पाठवलं त्यांनी,” एवढेच बोलली आणि खाली बसली.

पर्याय दोन होते. पहिला, 11,80,361 रुपये भरून गाडी घ्या. दुसरा, गाडी जमा करा. आम्ही लिलावात विकू आणि कमी पडेल ती रक्कम शेवटच्या हिशोबातून, म्हणजे नोकरीची कंपनी त्याला देणे असलेल्या पैशांतून, कापून घेऊ. त्या साडेअकरा-बारा लाखांची फोड मी मागून घेतली. 16 भाडी भरली होती, 32 राहिली होती. शिल्लक मुद्दल 11,14,600. त्यावर ‘मुदतपूर्व बंद करण्याचे शुल्क’ पाच टक्के, म्हणजे 55,730. त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, 10,031. शिवाय गाडी पार्किंगमध्ये उभी असलेल्या दिवसांचे भाडे वेगळे लावले होते. ते माझ्या पहिल्याच पत्रानंतर त्यांनी काढून टाकले.

या पाच टक्क्यांवर मी अडून बसलो. नोकरी सोडणारा माणूस आधी विचार करतो. दुसरीकडे बोलणी करतो, नवी कंपनी तयार असेल तर लीज तिकडे वळवून घेतो, दंड परवडतो का ते पाहतो आणि मग राजीनामा लिहितो. दंड त्याच्या निर्णयाला लागतो. माझ्या मुलाने कोणता निर्णय घेतला होता? फोनवर मी हे विचारले तेव्हा पलीकडचा मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, आमच्याकडे तीनच कारणं आहेत. राजीनामा, कंपनीनं कमी केलं, किंवा मुदत संपली. राजीनामा टाकला तरच फाइल पुढे जाते.”

आमच्या भांडारात प्रत्येक वस्तूचे बिन कार्ड, म्हणजे तिच्या नोंदीचे कार्ड, असे. वस्तू हरवली तर एक नोंद, मोडली तर दुसरी, निकामी ठरवली तर तिसरी. एकाच्या जागी दुसरी लिहिली तर साहेब कार्ड परत पाठवत, कारण जबाबदारी कोणाची हे त्या एका शब्दावर ठरायचे. साध्या बोल्टसाठी आम्ही ही काळजी घेत होतो. इथे माणूस गेला होता.

पुढची चूक मात्र माझी. शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ 2023 मध्ये वारले, त्यांची गाडी बँकेच्या कर्जावर होती. त्यांच्या मुलाने काय केले ते मला ठाऊक होते, म्हणून मीही तेच करायला निघालो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 56 प्रमाणे गाडीचा मालक वारला तर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्या वारसाने 30 दिवसांत आरटीओला मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या इराद्याची खबर द्यायची. मग मृत्यूपासून तीन महिने गाडी वापरता येते आणि त्या तीन महिन्यांत नमुना 31 भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. 2021 पासून तर आरसीवर नामनिर्देशित व्यक्तीचे नावही नोंदवून ठेवता येते, म्हणजे नंतरची धावपळ कमी. कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. कर्ज फिटले की बँकेच्या सहीने नमुना 35 देऊन आरसीवरचा बोजा काढायचा. त्या मुलाचे काम दोन-तीन खेपांत झाले होते.

मी 5 मार्चला मृत्यूचा दाखला, आधार कार्डांच्या प्रती, इतर वारसांचे संमतिपत्र असा सगळा संच घेऊन गिरीपेठेतल्या आरटीओत गेलो. खिडकीवरच्या बाई वयाने माझ्या सुनेएवढ्या असतील. “काका, आधी बसा न तुम्ही,” म्हणाल्या, पाणी दिले आणि गाडीचा नंबर टाकून पाहिला. मग माझा नमुना 31 हलक्या हाताने परत माझ्याकडे सरकवला. “काका, ही गाडी तुमच्या मुलाच्या नावावर नाहीच. मालक म्हणून कंपनीचं नाव आहे. तुमचा मुलगा वापरणारा होता. हा फॉर्म इथे लागत नाही.” त्यांचे बोलणे अगदी बरोबर होते आणि त्यांनी ते मायेने सांगितले. पण दीड वर्ष आमच्या घरात सगळे ज्या गाडीला ‘आपली गाडी’ म्हणत होते ती कधीच आपली नव्हती, हे मला त्या खिडकीसमोर कळले.

सगळ्या लीज अशाच असतात असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 मध्ये लीजची नोंद आरसीवर करण्याची तरतूद आहे, आणि काही करारांत आरसी वापरणाऱ्याच्या नावाने निघते, त्यावर लीज कंपनीची नोंद असते. तसे असेल तर नमुना 31 चा रस्ता मोकळा राहतो, लीज कंपनीची संमती मात्र लागते. म्हणून पहिला प्रश्न आरसीवरच्या नावाचा. विम्याचेही त्यावरच अवलंबून आहे. वाहन विम्याच्या नियमांत विमाधारक वारला म्हणजे पॉलिसी त्या दिवशी बंद पडत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांतले जे आधी येईल तोवर ती चालू राहते, आणि तेवढ्यात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी काढायची. पण आमच्या पॉलिसीवर विमाधारकही लीज कंपनीच होती. त्याच ओघात आणखी एक गोष्ट कळली. स्वतःच्या नावाची गाडी चालवणाऱ्या मालकाला विम्यात 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. गाडी कंपनीच्या नावावर असली की ते त्या पॉलिसीत येत नाही. माझा मुलगा हृदयविकाराने गेला, त्यामुळे आम्हाला त्याचा प्रश्न आला नाही. पण तो वर्धा रोडवर रोज तीच गाडी हाकत होता, आणि त्या दीड वर्षात काही झाले असते तर हेही आम्हाला नंतरच कळले असते. लीजची गाडी चालवणाऱ्याने अपघाताची वेगळी पॉलिसी काढून ठेवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता मुदतीचे पाहा. मृत्यूची नोंद करायलाच कायद्याने 21 दिवस दिले आहेत. आरटीओला कळवायला 30 दिवस. नाव बदलायला तीन महिने. विम्याला तीन महिने. हे नियम करणाऱ्यांनी घरात माणूस गेल्यावर काय होते ते ओळखले होते. लीज कंपनीने पंधरा दिवस दिले, तेही जो गेला त्याच्याच मेलवर, आणि ते संपण्याच्या बेतात असताना दाखल्याच्या प्रती आमच्या हाती आल्या. दरम्यान ‘कर्मचाऱ्याशिवाय इतरांनी वाहन चालवू नये’ असा दुसरा मेल आला. गाडी 41 दिवस जागची हलली नाही. बॅटरी उतरली.

विकत घ्यायची का, यावर घरात दोन रात्री बोललो. सुनेला वाटत होते की ठेवावी, कारण नातीला शाळेत त्याच गाडीने सोडायची सवय. मी दोन ठिकाणी जुन्या गाडीचा भाव काढला. पावणेदहा लाखांच्या वर कोणी बोलेना. पावणेदहाच्या वस्तूला पावणेबारा देणे म्हणजे नातीच्या शिक्षणातले दोन लाख घालवणे होते. सुनेनेच शेवटी सांगितले, “बाबा, देऊन टाका.”

गाडी जमा करायला दोन किल्ल्या लागतात. एक त्याच्या पॅंटच्या खिशात मिळाली होती, दुसरी सापडेना. नसेल तर अमुक हजार दंड, असे कळवलेले. चार दिवस बेसाचे घर उपसले. शेवटी माझ्या पत्नीला ती आमच्या दत्तवाडीच्या घरात, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, कुंकवाच्या करंड्यामागे मिळाली. आदल्या दसऱ्याला पूजेसाठी त्याने दोन्ही किल्ल्या देवापुढे ठेवल्या होत्या, आणि जाताना एकच उचलली होती. किल्लीच्या खाचेत कुंकू बसले होते. पत्नीने ते पुसू दिले नाही, तशीच दिली.

होळीच्या आदल्या दिवशी, 23 मार्चला, त्यांची टोइंगची गाडी आली. तिच्या आधी आम्ही आतले सामान काढले. चष्म्याचे घर, टोलच्या पावत्या, नातीचा एक बूट, डॅशबोर्डवर वाळून कडक झालेला दसऱ्याचा झेंडू. बॅटरीला जोडणी देऊन गाडी पार्किंगबाहेर काढायची होती म्हणून मी चालकाच्या जागी बसलो, तर माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. तो माझ्यापेक्षा अर्धा फूट उंच होता. सीट पुढे ओढायचा खटका मी दाबला नाही. खाली उतरलो आणि टोइंगवाल्याला म्हटले, तूच काढ बाबा.

भंडारा रोडवर कापसीच्या पुढे त्यांचे यार्ड आहे. मी आणि सून रिक्षाने मागोमाग गेलो, कारण पावती हातात घेतल्याशिवाय माल सोडायचा नाही ही माझी जुनी सवय. तिथला पोरगा टॅबलेटवर एकेक फोटो घेत होता. मागच्या बंपरवर खांबाला घासल्याची रेघ, डाव्या दाराला एक पोचा. मागच्या काचेवर नातीने लावलेले फुलपाखराचे स्टिकर होते, ते सुनेने घरीच गरम पाण्याने काढले होते, पण चिकट डाग राहिला होता. त्याचाही फोटो. सगळे मिळून दुरुस्तीचे 14,500 रुपये लागले. मग त्याने टॅबलेट सहीसाठी सुनेपुढे धरला. ‘वाहन परत करण्याचे कारण’ या रकान्यात खूण आधीच झालेली होती: राजीनामा. सून त्या शब्दाकडे पाहत राहिली. मी म्हणालो, हे बदल. पोरगा ओशाळला. “काका, सिस्टिम पुढे जाऊन नाही राहिली त्याच्याशिवाय.” त्याचा काही दोष नव्हता. मी त्याच्याकडून छापील पावती मागितली, राजीनामा या शब्दावर रेघ मारली, शेजारी पेनाने ‘मृत्यू, दि. 11.02.2024’ लिहिले, सुनेने सही केली आणि तिची प्रत त्याच्या शिक्क्यासह घेतली. हीच प्रत पुढे उपयोगी पडली.

एक गोष्ट तेव्हा राहून गेली, ती वाचकांनी विसरू नये. काचेवरचा फास्टॅग आम्ही काढला नाही. तो मुलाच्या खात्याला जोडलेला होता. मे महिन्यात एका संध्याकाळी त्याच्या फोनवर संदेश आला: बोरखेडी टोल नाक्यावर पैसे कापले. गाडी लिलावात कोणी तरी घेतली असेल आणि ती हिंगणघाटच्या दिशेने निघाली असेल, हे मला पुढच्या मिनिटाला समजले. पण संदेश आधी नातीने वाचला होता. ती धावत आली आणि म्हणाली, “आजोबा, बाबांची गाडी बोरखेडीला आहे.” गाडी देण्याआधी टॅग काढून तो बंद करायला बँकेला लिहावे.

लिलावात 8,90,000 आले. तूट 2,90,361, दुरुस्ती 14,500, एकूण 3,04,861. मुलाचा शेवटचा पगार, रजेचे पैसे आणि बोनस मिळून 3,12,000 होत होते. त्यातून ती रक्कम वजा होऊन सुनेच्या खात्यात 7,139 रुपये जमा झाले.

याच्या आधी त्याच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने असेही सुचवून पाहिले होते की तूट ग्रॅच्युइटीतून वळती करू, आणि त्याच्याही आधी, सेवा पाच वर्षांची नसल्याने ग्रॅच्युइटी बसतच नाही. 2020 च्या जूनमध्ये तो लागला होता. आयुष्यभर सरकारी भांडारात कागद सांभाळल्याचा इथे उपयोग झाला. तेव्हा लागू असलेल्या ग्रॅच्युइटीच्या 1972 च्या कायद्यात मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट लागू नव्हती, आणि कलम 13 प्रमाणे त्या रकमेवर जप्ती येत नसे. भविष्य निर्वाह निधीच्या तेव्हाच्या 1952 च्या कायद्यात तर कलम 10 स्वच्छ म्हणत होते की सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीला मिळणारी रक्कम त्याच्या देण्यांपासून मुक्त असते. मी दोन्ही कलमे लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवली. पुन्हा तो विषय निघाला नाही, ग्रॅच्युइटी पूर्ण मिळाली.

मधल्या काळात वसुलीवाल्यांचे फोन थेट सुनेला येत होते. “मॅडम, तुम्हालाच भरावं लागेल.” ती शाळेत गणित शिकवते, मधल्या सुटीत फोन येई आणि पुढचा तास तिला घेता येत नसे. तिने कुठल्याही करारावर सही केलेली नव्हती. वकिलांना विचारले तेव्हा कळले की मृताचे देणे वारसाकडे येते ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंत. सुनेच्या स्वतःच्या पगारावर कोणाचा हक्क नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 मध्ये हे आहे. हे एक वाक्य तिला कोणी पहिल्या आठवड्यात सांगितले असते, तर ती दीड महिना फोनची घंटी वाजली की दचकली नसती.

त्या 65,761 रुपयांसाठी, म्हणजे पाच टक्के शुल्क आणि त्यावरचा जीएसटी यांसाठी, मी सात महिने पत्रे लिहिली. एकूण अकरा. कराराची प्रत मागितली तर पहिले उत्तर आले की करार दोन कंपन्यांमधला आहे, कुटुंबाला देता येत नाही. म्हणजे पैसे आमच्या घरातून कापायचे, आणि कोणत्या कलमाने ते दाखवायचे नाही. शेवटी ग्राहक आयोगाकडे जाण्याची नोटीस तयार केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक मरण पावल्यास त्याच्या वारसाला तक्रार करता येते, हे त्यात लिहिले आणि यार्डातल्या पावतीची ती प्रत जोडली, शिक्क्यासह, ‘मृत्यू’ हा शब्द असलेली. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘विशेष बाब म्हणून’ पैसे परत आले. दोन्ही कंपन्यांची नावे मी लिहीत नाही. एका कंपनीचे नाव छापून माझा मुद्दा पुढे जाणार नाही.

मुद्दा असा की मृत्यू ही विशेष बाब नसावी. चार वर्षांचे करार हजारो माणसांशी होतात, त्यांतली काही माणसे मुदतीच्या आत जाणार हे करार लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी ठाऊक असते. गाडीला ओरखडा पडला तर किती, टायर झिजला तर किती, किल्ली हरवली तर किती, हे सगळे त्याने लिहून ठेवले आहे. मग हेही लिहावे. अर्जात ‘मृत्यू’ असा स्वतंत्र रकाना असावा. त्या रकान्यावर खूण झाली की मुदतपूर्व शुल्क लागू नये, भाडे मृत्यूच्या तारखेला थांबावे, आणि कुटुंबाला आरटीओच्या नियमासारखे पूर्ण तीन महिने मिळावेत. लिलावाआधी गाडीची किंमत कुटुंबाला दाखवून, तेवढ्यात घ्यायची असेल तर पहिला हक्क त्यांना द्यावा. आम्हाला 8,90,000 ला गाडी कोणी विचारली असती तर ती आज नातीच्या शाळेच्या वाटेवर असती. आणि कराराची प्रत, मराठीत समजेल अशा एका पानाच्या गोषवाऱ्यासह, गाडी देतानाच पती किंवा पत्नीच्या हाती द्यावी.

नोकरी देणाऱ्या कंपन्यांनाही माझे सांगणे आहे. ‘कर्मचारी सेवेत नाही’ एवढेच लीज कंपनीला कळवून तुमचे काम संपत नाही. का नाही, हे कळवा. मेल मृताच्या पत्त्यावर जाणार नाही हे पाहा. घरच्यांशी बोलायला एक माणूस नेमा, ज्याचा फोन लागतो असा.

शेजारच्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. त्याने मोबाइलवर आरसी काढली, मालकाच्या जागी लीज कंपनीचे नाव निघाले. बायकोला शेजारी बसवून आम्ही तिघांनी करार वाचला. कर्मचाऱ्याच्या मृत्यूबद्दल त्यात एक ओळ आहे, तिच्यात राजीनाम्याच्याच कलमाकडे बोट दाखवले आहे. त्याने कंपनीला त्याबद्दल पत्र लिहिले आहे. मसुदा मी करून दिला.

माझ्याकडे त्या अकरा पत्रांची, उत्तरांची आणि पावतीची फाइल आहे. नागपुरात किंवा विदर्भात कोणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. माझा पत्ता आणि फोन क्रमांक या पत्रासोबत वेगळ्या कागदावर आपल्याकडे दिला आहे. सकाळी अकरानंतर मी घरीच असतो, नातीला शाळेत सोडून येईपर्यंत तेवढा वेळ होतो.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल
दत्तवाडी, नागपूर
(सुनेच्या इच्छेवरून नाव छापू नये ही विनंती.)